मुळांची चाहूल

रबरी नळीचा चिमटा क्षणभर उघडायचा आणि लगेच बंद करायचा. जरा जास्त वेळ उघडा राहिला, की फनेलमधलं सगळं पाणी भसकन काचेच्या ताटलीत येतं आणि आपल्याला हवं ते त्यात हरवतं. एवढं साधं काम जमायला मला चार सकाळी लागल्या.

आदल्या संध्याकाळी फनेलच्या तोंडावर जाळी ठेवायची, जाळीवर टिश्यू पेपर, त्यावर मूठभर माती. खालचं पाणी मातीला जेमतेम टेकेल इतकंच. रात्रभरात मातीतले सूत्रकृमी, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसणारे दोऱ्यासारखे किडे, वळवळत कागदातून खाली उतरतात. त्यांना पाण्यात पोहून वर येता येत नाही, त्यामुळे ते नळीच्या तळाशी जाऊन साठतात. गुस्ताव बेअरमान नावाच्या डॉक्टरानं 1917 साली आजच्या इंडोनेशियात ही युक्ती काढली, तीही माणसाच्या आतड्यातल्या अंकुशकृमींची पिल्लं मातीत शोधायला. शंभर वर्षं उलटली तरी जगभरच्या प्रयोगशाळांत हेच फनेल आणि हाच चिमटा चालतो. मला ही गोष्ट फार आवडते. लाखमोलाची यंत्रं शेजारी बसलेली असतात, आणि प्रयोगाची सुरुवात मात्र चहाच्या गाळणीच्या जातीच्या वस्तूनं होते.

ताटली सूक्ष्मदर्शकाखाली धरली की पाण्यात दोऱ्याचे बारीक तुकडे पडल्यासारखे दिसतात. मग त्यातला एक तुकडा वळतो. टोमॅटोच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या सूत्रकृमीचं हे दुसऱ्या अवस्थेतलं पिल्लू. लांबी साधारण 0.4 मिलिमीटर, जाडी केसाच्या चौथ्या-पाचव्या हिश्शाएवढी, अंग काचेसारखं. पहिली कात ते अंड्यातच टाकून आलेलं असतं. तोंडात पोकळ सुई असते, पण ती बाहेर काही खायच्या कामाची नाही. मुळात शिरेपर्यंत ते उपाशी असतं. शरीरात साठवलेली चरबी हीच त्याची शिदोरी. पोट काळपट, दाणेदार दिसतं ते त्या चरबीमुळे. जुन्या, भटकून दमलेल्या पिल्लांचं पोट फिकट होत जातं. थोडी सवय झाली की त्याच्याकडे बघून किती दिवस चाललंय हे सांगता येतं.

डोळे नाहीत, कान नाहीत, भोवती मिट्ट काळोख आणि मातीच्या कणांमधल्या पाण्याच्या पातळ थरातून सरपटत जायचंय. शिदोरी संपायच्या आत मूळ सापडलं पाहिजे, आणि तेही त्याला मानवणारं मूळ. हे त्याला कसं जमतं, यावरच्या एका मोठ्या प्रश्नाचा बारकासा तुकडा माझ्या वाट्याला आला होता. त्याच्यावर मी चौदा महिने काढले.

हा प्रश्न पडायलाही माणसाला बराच वेळ लागला. 1743 साली जॉन नीडम यांनी गव्हाचा एक रोगट, काळपट दाणा फोडला. आत पांढरे तंतू दिसले. ते सुटे करायला म्हणून त्यांनी पाण्याचा थेंब टाकला, तर तंतू वळवळायला लागले. पिकावर जगणारा सूत्रकृमी माणसाच्या नजरेला पडल्याची ही पहिली नोंद. 1855 मध्ये माइल्स बर्कली यांनी इंग्लंडमधल्या काचघरातल्या काकडीच्या मुळांवर गाठी पाहिल्या. त्यानंतर चारच वर्षांनी जर्मनीत हर्मान शाख्ट यांना साखर-बीटाच्या मुळांना चिकटलेले लिंबाच्या आकाराचे बारीक दाणे दिसले. तिथले बीट उत्पादक तोवर म्हणत होते, की जमीन बीटाला थकलीय. जमीन थकली नव्हती, ती भरली होती.

या दाण्यांचं प्रकरण विलक्षण आहे, त्याकडे मी येणारच आहे. पण आधी माझी फजिती सांगतो.

प्रयोग सोपा होता. ताटलीत आगरचा, म्हणजे समुद्री शेवाळापासून केलेल्या जेलीचा थर. डाव्या कडेला टोमॅटोच्या कोवळ्या मुळाचं टोक, उजव्या कडेला काहीच नाही, मधोमध पाण्याच्या थेंबात शंभरेक पिल्लं. चार तासांनी डावीकडे किती आणि उजवीकडे किती ते मोजायचं. डावीकडच्यांतून उजवीकडचे वजा करून एकूण संख्येनं भागलं की एक आकडा मिळतो. तो एकाच्या जितका जवळ, तितकी ओढ जास्त. पहिल्याच दिवशी निम्म्याहून कितीतरी जास्त पिल्लं डावीकडे गेली. मी इतका खूश झालो की त्या दिवशी कुणालाही ताटलीला हात लावू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी रीत म्हणून मूळ उजवीकडे ठेवलं. पिल्लं डावीकडेच गेली. तिसऱ्या दिवशी मूळच ठेवलं नाही, तरी डावीकडेच.

मग तीन आठवडे मी आगर बदलला, पाणी बदललं, ताटल्या दोन-दोनदा धुतल्या, मुळं बदलली, पिल्लांची नवी तुकडी आणली. ताटली खालच्या टेबलासकट जणू डावीकडे कलली असावी म्हणून पाणसळही लावून पाहिली. मार्गदर्शक मॅडम रोज एकदा डोकावायच्या आणि काही न बोलता जायच्या. ते न बोलणं जास्त लागायचं. शेवटी प्रयोगशाळेतल्या मामांनी, म्हणजे आमच्या मदतनिसांनी, झाडू मारता मारता भिंतीला हात टेकला आणि म्हणाले, "ही भिंत कोमट लागतेय. पलीकडं मुळं वाळवायची भट्टी दिवसभर चालू असते ना!"

भिंत माझ्या डाव्या हाताला होती.

मला हात लावून काही विशेष कळेना. ताटलीपाशी तापमापक धरला तर दोन्ही कडांना तोच आकडा. पण पिल्लांना कळत होतं. नंतर मॅडमनी 1988 सालचा एक शोधनिबंध हातात दिला. त्यात याच जातीची, म्हणजे मेलॉयडोगायनी इन्कॉग्निटा या सूत्रकृमीची पिल्लं एका सेंटिमीटरला 0.001 अंश सेल्सिअसपेक्षाही कमी फरक ओळखून वळतात, असं मोजलेलं होतं. म्हणजे दहा सेंटिमीटर ताटलीच्या दोन टोकांत एक शतांश अंशाचा फरक असला तरी त्यांना पुरतो. माझी भिंत त्यांच्या हिशेबात वणवाच होती. "हे तुम्ही मला आधी का नाही दिलंत?" असं विचारायचं धाडस झालं नाही. "तू विचारलं असतंस तर दिलं असतं," असं त्याच आपणहून म्हणाल्या.

इतकी तीक्ष्ण जाणीव त्यांना कशाला लागत असेल? जमीन दिवसा वरून तापते, रात्री वरूनच निवते. मातीत वर कुठे आणि खाली कुठे, हे कळायला तेवढा एक धागा बहुधा उपयोगी पडतो. मूळ सापडायच्या आधी मूळ असतं त्या खोलीला तरी पोचायला हवं.

त्या तीन आठवड्यांनी मला जे शिकवलं ते कुठल्याही निबंधातून इतकं पक्कं बसलं नसतं. मी आपला समजत होतो की पिल्लू मूळ 'शोधतं'. त्याच्या मनात, मन म्हणायचं तर, टोमॅटोच्या मुळाचं काहीतरी चित्र असणार आणि ते त्याच्या मागावर निघत असणार. तसलं काही नाही. ते फक्त मघाशी होतं त्यापेक्षा आता जास्त आहे की कमी, एवढंच मोजत असतं. जास्त असेल तर तसंच पुढे. कमी झालं तर थांब, मागे ये, तोंड फिरव.

आणि हे 'मघाशी' महत्त्वाचं आहे. सूत्रकृमीच्या तोंडाच्या दोन बाजूंना दोन बारीक खळगे असतात. नेथन कॉब यांनी 1913 मध्ये त्यांना ॲम्फिड हे नाव दिलं. प्रत्येक खळग्याच्या मुळाशी चेतापेशींचा झुबका. आपल्याला वाटेल, डाव्या खळग्याला जास्त वास आला की डावीकडे वळायचं, सोपं आहे. पण दोन्ही खळग्यांतलं अंतर मिलिमीटरच्या हजाराव्या भागात मोजायचं, तेवढ्यात फरक तो कितीसा पडणार? शिवाय आगरवर सूत्रकृमी कुशीवर झोपून सरपटतो. म्हणजे त्याचे डावा-उजवा खळगे खरं तर एकाखाली एक येतात. तेव्हा त्याला डाव्या-उजव्याची तुलना करून भागत नाही, आत्ताची तुलना मघाच्याशी करावी लागते. त्यासाठी मघाचं थोडं तरी लक्षात राहायला हवं.

हे सगळं कळलं ते बहुतांशी सी. एलेगन्स या निरुपद्रवी भावंडामुळे. कुजक्या पाल्यात जिवाणू खाऊन राहणारा हा प्राणी. त्याच्या उभयलिंगी प्रौढाच्या अंगात मोजून 302 चेतापेशी, आणि त्या एकमेकींना कशा जोडल्यात याचा पूर्ण नकाशा 1986 मध्ये छापून आला. त्याच्या प्रत्येक ॲम्फिडमध्ये बारा संवेदी चेतापेशी. कुठली पेशी खारट ओळखते, कुठली उडून येणारा वास, कुठली ऊब, हे एकेक पेशी लेसरनं जाळून पाहिलं गेलंय. पिकांवरच्या सूत्रकृमींत रचना बरीच तशीच आहे. वास ओळखणारी ग्राहक प्रथिनं मात्र त्यांच्याकडे बरीच कमी दिसतात. मिळेल ते खाणाऱ्याला शंभर वास ओळखावे लागतात, मुळातच राहायचं ठरवलेल्याला तेवढे नाही.

भिंत सोडून टेबल खोलीच्या मधोमध आणल्यावर माझे आकडे एकदम शहाण्यासारखे वागायला लागले. मग खरा प्रश्न समोर आला. मुळाकडे ओढणारं नेमकं काय?

सगळ्यात आधी संशय येतो कार्बन डायऑक्साइडवर. मुळं श्वास घेतात, त्यांच्याभोवती तो जास्त असतो, आणि ही पिल्लं त्याच्याकडे वळतात हे 1980 च्या दशकातच कॅमेरा आणि संगणक लावून पाहिलं गेलंय. पण कार्बन डायऑक्साइड ही कसली ओळख? कुजणारं पान तो सोडतं, गांडूळ सोडतं, बुरशी सोडते. 'इकडे काहीतरी जिवंत आहे' एवढीच ती बातमी. गर्दीच्या जागी लांबून नुसता कलकलाट ऐकू यावा, तशी.

जवळ गेल्यावर आम्लता येते. 2009 मध्ये व्हॅलरी विल्यमसन यांच्या कॅलिफोर्नियातल्या गटानं दाखवलं की या पिल्लांना 4.5 ते 5.4 या दरम्यानचा सामू आवडतो. वाढत्या मुळाच्या टोकाशी तसा आंबटपणा असतोच. त्याच सुमाराला त्यांनी आगर सोडून प्लुरॉनिक नावाची जेल वापरायला काढली आणि आमच्यासारख्यांवर उपकार केले. ही जेल उलट्या खोपडीची. फ्रिजमध्ये पातळ पाणी, खोलीच्या उबेत आली की घट्ट आणि आरपार दिसणारी. थंड असताना तिच्यात पिल्लं मिसळायची, मूळ ठेवायचं आणि थांबायचं. आगरवर पिल्लू सपाटीवर फिरतं. इथे ते वर-खाली, सगळीकडे जाऊ शकतं, मातीत जातं तसं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी मोजायचंच विसरलो. सुरुवातीला पिल्लं सगळीकडे विखुरलेली, ज्याचं त्याचं तोंड ज्याच्या त्याच्या दिशेला. तासाभरानं काहींची तोंडं मुळाकडे. दोन-तीन तासांत मुळाच्या टोकाच्या थोडं वर, जिथे पेशी लांब होत असतात तिथे, वळवळणारा गुंडा जमलेला. मुळाच्या जुन्या भागाकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. मुळाचं टोक सतत पुढे सरकत होतं आणि गुंडा त्याच्या मागोमाग.

पुढे त्या टोकातून झिरपणारे रेणू एकेक करून वेगळे काढायचं काम सुरू झालं. 2020 मध्ये जपानमधल्या गटानं काही पॉलिअमाइन्स पिल्लांना ओढतात असं दाखवलं. त्यातल्या एकाचं नाव कॅडॅव्हरिन. कुजणाऱ्या प्रेतावरून पडलेलं नाव आणि दुसऱ्या टोकाला कोवळ्या मुळाची ओढ, हे वाचून मी जरा वेळ खिडकीबाहेर बघत बसलो होतो. उलट काही क्षार पिल्लांना दूर लोटतात. एथिलीन हा झाडाच्या आत निरोप पोचवणारा वायू. ज्या झाडांना स्वतःचं एथिलीन ऐकू येत नाही, अशी उत्परिवर्तित झाडं पिल्लांना जास्त आवडतात. म्हणजे झाडाच्या आत चाललेली बोलणीही बाहेर झिरपणाऱ्या वासात उतरतात.

यातल्या एकाही गोष्टीला 'टोमॅटोचा वास' म्हणता येत नाही. मी तो वर्षभर शोधत होतो. टोमॅटोत एमआय नावाचं एक जीन आहे. 1940 च्या दशकात रानटी भाईबंदाशी संकर करून ते आणलं गेलं. हे जीन असलेल्या झाडात या सूत्रकृमीला थारा मिळत नाही. निदान जमीन 28 अंशांच्या वर तापेपर्यंत तरी नाही. मला वाटायचं, पिल्लं अशा झाडाकडे जातच नसतील. जातात की! तितक्याच उत्साहानं. आत शिरतात, जागा धरतात, आणि झाड नेमकी तिथलीच पेशी मारून टाकतं. आत शिरेपर्यंत त्यांना काही पत्ता नसतो.

आता त्या दाण्यांकडे येतो.

गाठी करणारा सूत्रकृमी हा सर्वभक्षी. त्याच्या कुळाला तीन हजारांहून जास्त जातींच्या वनस्पती चालतात. थोडा ओलावा आणि ऊब मिळाली की अंडी फुटतात आणि पिल्लं निघतात, काहीतरी भेटेलच या भरवशावर. बटाट्यावरचा सिस्ट सूत्रकृमी तसा नाही. त्याला बटाटा, टोमॅटो, वांगं या गोतावळ्यापलीकडे फारसं काही चालत नाही. शेतात बटाटा नसताना बाहेर पडणं म्हणजे मरणच. म्हणून तो थांबतो. मादी मुळाला चिकटून फुगते, अंगात काहीशे अंडी भरते आणि मरते. तिची कातडी कडक, तपकिरी होते. खसखशीपेक्षा लहान असा हा दाणा, म्हणजेच सिस्ट, मुळावरून गळून मातीत पडतो आणि आतली अंडी वीस वर्षंसुद्धा तग धरतात. दरवर्षी थोडी तशीच फुटून वाया जातात. बाकीची हाक येईपर्यंत गप्प.

ही हाक म्हणजे मुळातून झिरपणारं पाणी. बीटाच्या मुळांचं पाणी घातलं की बीटावरच्या सूत्रकृमीची अंडी जास्त फुटतात, हे बाउनाके या जर्मन संशोधकानं 1922 मध्ये नोंदवलं. मग त्या पाण्यात नेमकं काय, हा शोध साठ वर्षं रेंगाळला. रेंगाळायला कारण होतं. होक्काइडोमध्ये ताडाशी मासामुने यांच्या गटानं 1982 मध्ये सोयाबीनवरच्या सिस्ट सूत्रकृमीला उठवणारा रेणू वेगळा काढला, ग्लायसिनोएक्लेपिन ए. त्यासाठी त्यांनी राजम्याची वाळलेली मुळं वापरली. सुमारे एक टन मुळांतून हाताशी आला जेमतेम एक-सव्वा मिलिग्रॅम. एक टन वाळकी मुळं म्हणजे किती शेतं, किती पोती, किती पिंपं, याचा मी अनेकदा विचार केलाय. आणि अंड्यांना लागतं किती? एक मिलिलिटर पाण्यात एका ग्रॅमच्या अब्जाव्या भागाचा शंभरावा ते हजारावा हिस्सा. तेवढ्यानं ती जागी होतात.

बटाट्यातला तसा रेणू सोलॅनोएक्लेपिन ए. त्याची रचना 1999 मध्ये छापली गेली आणि 2011 मध्ये होक्काइडोतच केजी तानिनो यांच्या गटानं तो प्रयोगशाळेत घडवून दाखवला. लहान-मोठी कडी एकमेकांत अडकवलेली ही इतकी किचकट गोष्ट आहे की रसायनशास्त्रवाले तिचं चित्र कौतुकानं भिंतीवर लावतात.

अंड्यात काय होतं ते मात्र साधं आणि देखणं आहे. पिल्लू ट्रेहॅलोज नावाच्या साखरेच्या पाकात पडलेलं असतं. पाक त्याच्या अंगातलं पाणी ओढून धरतो, त्याला आळसावलेलं ठेवतो, थंडी-कोरड सोसायला मदत करतो. हाकेचा रेणू आला की अंड्याचं आतलं पातळ अस्तर झिरपायला लागतं. साखर बाहेर, पाणी आत. पिल्लू टवटवीत होतं, हलतं, सुईनं कवच टोचायला लागतं. एकाशेजारी एक छिद्रं, पोस्टाच्या तिकिटाच्या कडेला असतात तशी, आणि मग त्या रेषेवर अंडं फाटतं. मुळाच्या पाण्याचा पाच मिनिटांचा स्पर्शही ही साखळी सुरू करायला पुरतो.

इथे माझा 'जास्त की कमी' हा सिद्धांत थोडा लंगडतो, हे मान्य करायला हवं. अंड्यातलं पिल्लू काही मोजत नाही. त्याला एकच शब्द कळतो. पण बाहेर पडल्यावर त्याच पिल्लाला पुन्हा कार्बन डायऑक्साइड, आंबटपणा, ऊब असल्या मोघम खुणांवरच चालायचं असतं. ज्याला सगळं चालतं तो उठून चालू लागतो, ज्याला एकच चालतं तो नावानं हाक येईपर्यंत झोपून राहतो. पुढचा रस्ता दोघांचा सारखाच.

बरं, बटाटा ही हाक मारतो कशाला? स्वतःच्या शत्रूला उठवून त्याचा काय फायदा? 2023 मध्ये जपानी संशोधकांनी या गुंत्यात भर घातली. मुळं खरं तर सोलॅनोएक्लेपिन बी नावाचा वेगळा रेणू सोडतात. अंडी त्यानंही फुटतात. मातीतले सूक्ष्मजीव त्याचं रूपांतर ए मध्ये करतात. एवढी खटपट करून झाड तो रेणू बनवतं म्हणजे त्याला त्याचा काहीतरी उपयोग असलाच पाहिजे, असं मला वाटतं. दुसरीकडे असं घडलेलं आपण पाहिलंय. स्ट्रायगोलॅक्टोन हे रेणू आधी माहीत झाले ते मुळांवर जगणाऱ्या परजीवी तणाचं बी रुजवणारे म्हणून, 1966 मध्ये. जवळजवळ चाळीस वर्षांनी कळलं की झाड त्यांतून मुळांशी सख्य करणाऱ्या बुरशीला बोलावत असतं. तण दाराआडून कानोसा घेत होतं, एवढंच. सोलॅनोएक्लेपिनचंही तसंच काही निघालं तर मला नवल वाटणार नाही.

कानोसा घेणाऱ्याचाही कानोसा घेतला जातो, ही या विषयातली माझी सगळ्यात लाडकी गोष्ट. सूत्रकृमी आपसांत बोलायला ॲस्करोसाइड नावाचे रेणू सोडतात. 2013 मध्ये दिसलं की सूत्रकृमी पकडून खाणाऱ्या बुरशा हे रेणू ओळखतात आणि लागलीच आपले फास विणायला घेतात. 2015 मध्ये कळलं की झाडंही त्यांपैकी एक ओळखतात आणि सावध होतात. 2020 मध्ये त्याच्याही पुढची गंमत. झाड तो रेणू आत घेतं, कापून आखूड करतं आणि बाहेर सोडतं, आणि त्या नव्या वासानं पिल्लं लांब पळतात. मी ज्याला मुका काळोख समजत होतो, तिथे इतकी कुजबुज चाललेली.

लोक विचारतात, की मग हे सगळं कळलंय तर सूत्रकृमींचा बंदोबस्त का होत नाही? 'वासाचं रहस्य उलगडलं, आता पिकं सुरक्षित' छापाच्या बातम्या दर दोन वर्षांनी येतात आणि मी त्या चिडून वाचतो. कल्पना वाईट नाहीत. रिकाम्या शेतात हाकेचा रेणू घालायचा, पिल्लं उठतील, मूळ मिळणार नाही, उपाशी मरतील. पण किचकट रेणू टनानं कोण बनवणार? त्यामानानं जुनी युक्ती बरी. युलिउस क्यून यांनी 1880 च्या सुमारास जर्मनीत सापळा पीक सुचवलं. सूत्रकृमींना बोलावणारं पीक पेरायचं आणि माद्या पिकायच्या आत उपटून टाकायचं. आता बटाट्याचा एक काटेरी रानटी नातेवाईक याच कामाला लावतात. तो अंडी उठवतो, पण पिल्लांना पोसत नाही. चुकीच्या दिवशी उपटलं तर मात्र आपणच त्यांची वस्ती वाढवून ठेवतो. जमिनीत विषारी वायू सोडण्याचा रस्ता तर हळूहळू बंदच होत आलाय. डीबीसीपी या औषधानं ते बनवणाऱ्या कामगारांना वंध्यत्व येतं हे 1977 मध्ये उघड झालं. मिथाइल ब्रोमाइड ओझोनच्या थरापायी मागे घ्यावं लागलं.

पिल्लांचं नाकच बंद करायचेही प्रयत्न चालू आहेत. दुपेडी आरएनएच्या द्रावणात पिल्लं भिजवली की वास ओळखायला लागणारी जीन्स गप्प करता येतात, आणि मग ती मुळासमोर गोंधळतात. यात एक मजेशीर अडचण होती. मुळाबाहेर पिल्लू काही गिळतच नाही, मग द्रावण त्याच्या पोटात जाणार कसं? त्यावर ऑक्टोपामिन नावाचं रसायन घालून त्याला गिळायला लावायची युक्ती निघाली. ताटलीत हे झकास चालतं. मीही एकदा असे छान आकडे घेऊन मॅडमकडे गेलो. त्यांनी आलेख नीट पाहिला, चष्मा काढला आणि विचारलं, "यात माती कुठाय?"

मातीत चिकणमाती रेणू धरून ठेवते, जिवाणू ते खाऊन टाकतात, पाऊस वाहून नेतो, शेजारचं मूळ स्वतःचं काही मिसळतं. माझ्या ताटलीतला स्वच्छ चढ मातीत चिंध्या चिंध्या झालेला असतो, आणि तरीही पिल्लू पोचतं. बहुधा एकच खूण धरून चालत नाही म्हणूनच पोचत असेल. ऊब, आंबटपणा, कार्बन डायऑक्साइड, चार क्षार, दोन अमाइन्स. एक धागा तुटला की दुसरा. एका वासाला बूच मारून हे थांबेल, यावर माझा विश्वास बसत नाही. पण मुळात शिरल्यावरचं काम मला जास्त आशादायक वाटतं. केंब्रिजमधल्या गटानं बीटावरच्या सूत्रकृमीत दाखवलंय, की झाडाच्या आतले काही लहान रेणू लागल्यावरच सूत्रकृमीच्या ग्रंथी आपली हत्यारं बनवायला घेतात. म्हणजे 'हेच ते झाड' ही खातरजमा पिल्लू घरात शिरल्यावर करतं. तिथे फसवता आलं, तर कदाचित.

शेवटच्या आठवड्यात माझ्याकडे मोजायचं काही उरलं नव्हतं. उरलेल्या जेलमध्ये टोमॅटोचं एक मूळ आणि वीसेक पिल्लं घालून नुसताच बघत बसलो. एक पिल्लू मुळाच्या अगदी जवळून निघून गेलं. थोडं पुढे जाऊन थांबलं. मागे आलं. ओठ मुळावर टेकवले, थोडं सरकलं, पुन्हा टेकवले. मग सुई आत-बाहेर होऊ लागली, एकाच जागी, शिवणयंत्रासारखी. आत शिरल्यावर ते काय करतं हे मला वाचून माहीत होतं. पेशींच्या फटींतून आधी खाली मुळाच्या टोकापर्यंत जातं, तिथे वळसा घेतं आणि मधल्या नळ्यांच्या जुडग्यातून वर येऊन कायमचं बसतं. पुन्हा कधी चालत नाही.

सूक्ष्मदर्शकाचा दिवा लावून अर्धा तास झाला होता. दिव्याची ऊब. माझ्या लक्षात आलं तसा मी तो विझवला आणि अंधारात बसून राहिलो. भिंतीपलीकडे भट्टी घरघरत होती. पुन्हा दिवा लावला तेव्हा पिल्लाची शेपटी तेवढी मुळाबाहेर होती, आणि तीही आखूड होत चालली होती.